विश्लेषण : वजन घटवण्याचे इंजेक्शन मोबाइलवरून… पण वजन तपासणार कोण?

उंची, वजन, वय भरा. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, यावर खुणा करा. थोड्या वेळात डॉक्टरांचा फोन येतो, मोबाइलवर चिठ्ठी उमटते आणि थंड पिशवीतले इंजेक्शन घरपोच होते. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही वजन घटवणारी औषधे आता अशीही मिळू लागली आहेत. ही पद्धत सरसकट बेकायदा नाही. मात्र तिच्यात एक मोठी फट आहे. अर्जात भरलेले वजन खरे आहे का, हे बहुतेक वेळा कोणी पाहतच नाही.

मागणी एवढी का वाढली?

एली लिलीचे ‘माउंजारो’ (टिर्झेपेटाइड) मार्च २०२५ मध्ये भारतात आले, नोव्हो नॉर्डिस्कचे ‘वेगोव्ही’ (सेमाग्लुटाइड) जूनमध्ये. तेव्हा वेगोव्हीचा सुरुवातीचा महिन्याचा खर्चच १७ हजार रुपयांच्या वर होता. नोव्हेंबरमध्ये कंपनीने दर उतरवले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांसाठी वाट मोकळी झाली. श्रीमंतांचे औषध मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले.

ऑनलाइन सल्ल्याची गरजही खोटी नाही. संप्रेरकतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत. गडचिरोलीच्या रुग्णाला त्यासाठी नागपूर गाठावे लागते. शिवाय वजनावरून टोमणे ऐकलेल्या माणसाला दवाखान्याच्या बाकावर बसण्याचा संकोच वाटतो, तो वेगळाच.

कायदा काय सांगतो?

२५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर दूरस्थ सल्ला देऊ शकतात, पण पहिल्याच भेटीत वाट्टेल ते औषध लिहू शकत नाहीत. साध्या औषधांपलीकडची तुलनेने सुरक्षित औषधे पहिल्या भेटीत लिहायची, तर सल्ला व्हिडीओवर हवा. आणखी काही औषधे प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच पुढच्या सल्ल्यात देता येतात. पुरेशी माहिती व निदान नसताना औषध लिहिणे हे व्यावसायिक गैरवर्तन. संगणकीय प्रणालीने स्वतःच औषध सुचवणेही वर्ज्य. सेमाग्लुटाइड त्या वेळी भारतात विक्रीला नव्हते, त्यामुळे या चौकटीत ते नेमके कुठे बसवायचे, याचा अर्थ जो-तो आपल्या सोयीने लावतो.

दुसरी अट मंजुरीतली. ही औषधे संप्रेरकतज्ज्ञ किंवा अंतर्गत वैद्यकतज्ज्ञ यांच्या चिठ्ठीवर (काही कारणांसाठी हृदयरोगतज्ज्ञांच्याही) द्यायची आहेत. फोनवर बोलणारे डॉक्टर यांपैकी आहेत का, हे रुग्ण क्वचितच विचारतो.

औषधांच्या ऑनलाइन विक्रीचे तर नियमच अर्धवट. ऑगस्ट २०१८ मध्ये मसुदा निघाला, तो अंतिम झालाच नाही. जाहिरातींबाबत मात्र १९५४चा कायदा स्पष्ट आहे. ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणूनच की काय, समाजमाध्यमांवर औषधाचे नाव न घेता ‘वजन कमी करण्याचा कार्यक्रम’ विकला जातो.

खोटे वजन लिहिले तर बिघडते काय?

समजा, लग्न तीन महिन्यांवर आलेल्या मुलीची उंची १६० सेंटिमीटर, वजन ६० किलो. तिचा बीएमआय सुमारे २३. वेगोव्हीसाठी तो ३० हवा किंवा वजनाशी निगडित आजार असल्यास २७. तिने अर्जात ७८ किलो लिहिले की ती पात्र! आता हे औषध गर्भधारणेत चालत नाही आणि मूल हवे असल्यास किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. लग्नाच्या तोंडावर हे तिला सांगणार कोण?

घरात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग झाला असेल, तर ही औषधे टाळतात. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, तर विशेष सावधगिरी लागते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हे प्रश्न अर्जात असतातही, पण खूण करणाऱ्याला त्यांचा अर्थ कळलेला असतोच असे नाही. मात्राही हळूहळू चढवायची असते. ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ पर्यंत जायला साधारण चार महिने लागतात. मळमळ, उलट्या होऊ लागल्या की थांबायचे की खाली यायचे, हे ठरवायला तोच डॉक्टर पुन्हा भेटावा लागतो.

ब्रिटनने काय केले?

तिथल्या औषधविक्रेत्यांच्या नियामक परिषदेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑनलाइन औषधालयांना बजावले की, अशा औषधांसाठी केवळ प्रश्नावलीवर विसंबू नका. रुग्णाचे वजन-उंची व्हिडीओवर, प्रत्यक्ष भेटीत किंवा त्याच्या वैद्यकीय नोंदींतून स्वतंत्रपणे पडताळा. आपल्याकडे हीच अट घालायला नवा कायदाही लागू नये.

घेणाऱ्याने काय पाहावे?

चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि पदवी हवी, पुढची भेट कोणाकडे हे लिहिलेले हवे. विक्रेत्याचे पक्के बिल घ्यावे. न उघडलेले सेमाग्लुटाइड २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात पार्सल गरम लागले तर ते परत करावे. बर्फाला चिकटून गोठलेले इंजेक्शनही वापरू नये. आणि किती काळ घ्यावे लागेल, हे पहिल्याच भेटीत विचारावे, कारण एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी सुमारे दोनतृतीयांश वजन परत आले होते.