‘वय अधिक शंभर’ हा हिशेब आता बंद करा

साठ वर्षांच्या माणसाचं वरचं बीपी १६० असेल तर बरोबर, सत्तरीत १७० असेल तर तेही बरोबर. वयात शंभर मिळवा, तेवढं चालतं. हा हिशेब मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे. हिंगोलीत ऐकतो, औंढ्याकडून आलेल्या पेशंटकडून ऐकतो, वसमतच्या शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही ऐकतो. औषधाच्या दुकानात तो सांगितला जातो, आणि काही डॉक्टरही अजून तो सांगतात, हे लिहायला मला बरं वाटत नाही. हा हिशेब साफ चुकीचा आहे. त्याने लकवा आणि हार्ट अटॅक येतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या आड मधुमेहही वाढत असतो, हे फारसं कोणी बोलत नाही.

वयाबरोबर वरचं बीपी का चढतं, ते आधी समजून घ्या. शेतात नवा रबरी पाइप आणि चार उन्हाळे उन्हात पडलेला पाइप, दोन्ही तुम्ही हाताळले आहेत. मोटार सुरू झाली की नवा पाइप थोडा फुगतो आणि पाण्याचा झटका सोसतो. जुना कडक झालेला पाइप फुगत नाही, नुसता हादरतो, आणि सगळा झटका पुढच्या जोडावर जातो. हृदयातून निघणारी मोठी रोहिणी, म्हणजे महाधमनी, नव्या पाइपासारखी असते. हृदय आकुंचन पावलं की ती फुगते आणि हृदय विसावलं की ते साठवलेलं रक्त हळूहळू पुढे ढकलते. तिच्यातले लवचिक धागे वर्षानुवर्षे ताणून तुटत जातात आणि त्यांच्या जागी कडक तंतू येतात. मग वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. १७०/७० असा कागद हातात आला की ‘खालचं तर चांगलं आहे’ म्हणून घरचे खूश होतात. खरं तर दोन आकड्यांत शंभराचं अंतर पडलं, हीच रक्तवाहिनी कडक झाल्याची खूण आहे.

‘पण हे वयानुसार सगळ्यांचंच होतं ना?’ होतं. मोतीबिंदूही वयानुसार होतो, तरी त्याला कोणी चालवून घेत नाही, ऑपरेशन करतोच. शिवाय सगळ्यांचंच होतं हेही पूर्ण खरं नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खात नाहीत. त्यांचं सरासरी वरचं बीपी शंभराच्या आत होतं आणि वयाबरोबर ते वाढतही नव्हतं. आपल्या ताटातलं लोणचं, ठेचा, पापड आणि वरून घेतलेलं मीठ आठवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता साखरेकडे येतो. चीनमधल्या कैलुआन या कोळसा खाण कंपनीच्या लोकांचा मोठा अभ्यास बरीच वर्षं चालू आहे. त्यातल्या मधुमेह नसलेल्या अकरा हजारांहून अधिक लोकांची रक्तवाहिनीची कडकपणा-तपासणी झाली आणि सुमारे सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ज्यांना बीपी होतं आणि रक्तवाहिन्याही कडक होत्या, त्यांना नव्याने मधुमेह होण्याचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या जवळजवळ अडीच पट होता. नुसतं बीपी असलेल्यांपेक्षा नुसता कडकपणा असलेल्यांचा धोका जास्त निघाला. अशा अभ्यासातून एक गोष्ट दुसरीचं कारण आहे असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ते का घडत असावं, याचा धागा लागतो. जेवणानंतरची बरीचशी साखर आपले स्नायू घेतात. त्यासाठी इन्सुलिन स्नायूंतल्या बारीक केशवाहिन्या उघडतं. कडक रक्तवाहिनीचा झटका वर्षानुवर्षे त्या बारीक वाहिन्यांवर आदळत राहिला की त्या खराब होतात. मग इन्सुलिन आणि साखर दोन्ही स्नायूपर्यंत नीट पोचत नाहीत. उलट दिशेनेही हेच चालतं. वाढलेली साखर रक्तवाहिनीतल्या तंतूंना चिकटून त्यांना आणखी कडक करते. एकदा हे चक्र सुरू झालं की कुठून सुरू झालं हा वाद पेशंटच्या काही कामाचा राहत नाही.

आणि बीपी उतरवण्याचा फायदा तर प्रत्यक्ष औषधांच्या चाचण्यांतून दिसला आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १९ चाचण्यांतल्या सुमारे एक लाख ४५ हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. वरचं बीपी फक्त ५ ने उतरलं तर मधुमेहाचा धोका ११ टक्क्यांनी कमी झाला. फक्त ५ ने! आणि आपण ‘वय अधिक शंभर’ म्हणत तीस-चाळीस सोडून देतो.

‘साहेब, मी वाळलेला माणूस, दिवसभर रानात राबतो, मला कुठली शुगर?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक मराठी उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीचे असतो. तेव्हा आरशावर जाऊ नका. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, १५.३ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ३५.५ टक्के लोकांना बीपी सापडलं. दोन्ही एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात सापडतात.

यावर बाजाराने आपलं उत्तर शोधलं आहेच. हातापायाला पट्टे बांधून ‘नसा किती म्हाताऱ्या झाल्या’ हे सांगणारी पॅकेजं शिबिरांतून विकली जातात. तपासणी खोटी नाही, संशोधनात ती उपयोगीच आहे. पण आधीच बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला त्या रंगीत रिपोर्टने वेगळं काय मिळतं? इलाज तोच राहतो. ज्याची साखर पाच वर्षांत एकदाही तपासली नाही, त्याच्याकडून हजारो रुपये घेऊन नसांचं वय सांगणं, हा मला शुद्ध धंदा वाटतो. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. साठीपुढच्या माणसात ते अंतर ६० किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. या तपासणीला पैसे लागत नाहीत.

माझा आग्रह साधा आहे. ज्याला बीपी आहे, त्याची साखर दरवर्षी तपासली गेलीच पाहिजे. त्याची चिठ्ठी पेशंटने मागायची नसते, डॉक्टरने आपणहून लिहायची असते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, अर्थात दुसऱ्यांदा तपासून खात्री केल्यावर. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि हाच हातात असलेला काळ आहे. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की उंबरठ्यावरच्या भारतीयांनी खाणं आणि चालणं सुधारलं तर मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी चांगली आहे, पण आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं फार. लोह कमी असेल तर तो आकडा खोटाच वर दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी.

गोळ्यांबद्दलही बोलायला हवं. ॲटेनोलॉलसारख्या जुन्या बीटा ब्लॉकर गोळ्या आणि थायाझाइड जातीच्या लघवीच्या गोळ्या साखर थोडी वाढवू शकतात. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ने नाव संपणाऱ्या गोळ्यांत ती अडचण नाही. म्हणून काही आजच गोळी बंद करू नका. लकव्यापासून मिळणारं संरक्षण साखरेच्या त्या थोड्या वाढीपेक्षा कितीतरी मोठं आहे. पण दहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच पट्टी आणत असाल, मध्ये कोणी बीपी मोजलं नाही की साखर पाहिली नाही, तर ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘माझ्यासाठी अजून हीच गोळी बरोबर आहे का’ असं सरळ विचारा.

खर्चाचं कारण सांगू नका. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. आशाताई त्याचाच फॉर्म भरायला घरी येतात, त्यांना दारातून परत पाठवू नका. सकाळी चहा न पिता जा, आणि घरात बीपीची गोळी घेणारे आई-वडील असतील तर त्यांनाही सोबत न्या.