धोका बाजूला काढा, बाईला नको

पिंपरीत राहणाऱ्यांना हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे नाव नवं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये स्थापन झालेला हा सरकारी कारखाना. बुरशीपासून पेनिसिलिन मिळतं एवढं आपण शाळेत शिकतो. खरं जिकिरीचं काम असतं ते वेगळं काढण्याचं. गाळून बुरशी बाजूला करायची, उरलेला रस थंड करून त्यात आम्ल घालायचं, ब्युटिल अॅसिटेटसारख्या द्रावकाबरोबर घुसळायचा आणि जोरात फिरवून दोन थर वेगळे करायचे. पेनिसिलिन द्रावकात जातं, पाणी खाली राहतं.

जीवशास्त्र शिकून मी याच पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे लहान प्रमाणावर माझं हेच काम होतं. पहिल्या दिवशी सुरक्षेचे नियम सांगितले: वेणी बांधा, ओढणी नको, बांगड्या काढून ठेवा. नियम योग्यच होते. फिरत्या यंत्राजवळ काही लोंबतं असू नये. पण सगळे नियम माझ्या अंगावरच्या वस्तूंचेच! सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात, यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये, आत नळी फुटली तर बंद करून अर्धा तास तसंच ठेवावं, कारण हवेत उडालेले सूक्ष्म थेंब श्वासावाटे आत जातात, हे मी नंतर पुस्तकातून शिकले. पिपेट तोंडाने ओढू नये, हेसुद्धा. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, ठिणगी मिळाली की पेटते. ती बाहेर ओढून नेणारं फ्यूम हूड आमच्याकडे होतं, पण बंद पडलेलं.

पुढे मला दिवस गेले. मी सांगितलं, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या भल्यासाठीच सांगतो, उद्यापासून लेबलं लावायला जा." गरोदरपणी द्रावकांपासून लांब राहायलाच हवं, यात वाद नाही. पण लेबलांकडे जाताना माझा भत्ता गेला, बढतीही हुकली. बाळंतपणानंतर जुनी जागा परत मिळाली नाही. तिथे एक तरुण मुलगा आला होता. फ्यूम हूड बंदच होतं. संध्याकाळी तोही डोकं धरून बसायचा.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. प्रयोगशाळेत वेगळा काढायचा असतो तो धोका. आपल्याकडे वेगळी काढली जाते ती बाई. त्यात खर्च कमी, शिवाय उपकार केल्याचं समाधान!

अमेरिकेत बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीने मूल होऊ शकेल अशा सगळ्याच बायकांना शिशाच्या कामावर बंदी केली होती. युनियन कोर्टात गेली. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. शिसं पुरुषाच्या बीजावरही परिणाम करतं, पण पुरुषांना कुणी घरी बसवलं नव्हतं.

आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने धोकादायक कामांवर बायकांना मनाई करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. पण काम स्वस्तात करून घ्यायचं असलं की ही काळजी कुठे जाते? ८ डिसेंबर २०२३ रोजी आपल्याच तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवताना आग लागली आणि बायका जळून मेल्या. दारूच्या पुडीशी बसलेल्या त्या बायकांना कुणी "तुमच्या भल्यासाठी" उठवलं नव्हतं. पगार चांगला असतो तिथे बाई नाजूक ठरते. रोजंदारी असते तिथे तीच बाई काटक ठरते.

म्हणून आपल्या गटांनी मागण्यांचा क्रम बदलायला हवा. आधी विषारी पदार्थाला दुसरा पर्याय शोधा. नसेल तर तो बंदिस्त ठेवा, वाफ बाहेर काढा. हातमोजे आणि चष्मे सगळ्यात शेवटी, आणि तेही बायकांच्या मापाचे. गरोदर बाईला काम बदलून द्या, पण पगार, भत्ता आणि परतीची जागा शाबूत ठेवून.

पुढच्या वेळी कुणी तुमची ओढणी दाखवून सुरक्षा शिकवू लागला, तर ओढणी जरूर काढून ठेवा. आणि मग विचारा, "फ्यूम हूड कधी चालू होणार?"