ओव्हन नसलेल्या घरातला कॉबलर

उन्हाळ्यात लासलगावच्या आमच्या घरात दोन वास ठरलेले असतात. एक चाळीत भरलेल्या कांद्याचा आणि दुसरा माजघरात पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्याचा. 2024 च्या उन्हाळ्यात त्यात तिसरा वास मिसळला, करपलेल्या मैद्याचा. भगिनींनो, या वेळी त्याचीच हकीकत सांगतो. कृती शेवटी दिली आहे, पण आधी हकीकत वाचा, कारण कृती जमली ती तिच्यामुळेच.

लेक त्या वर्षी दहावीला होती. केक, बिस्किटं, नानकटाई यांचं तिला लहानपणापासून वेड. ईदच्या आधी नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि भट्टीतून निघालेले ट्रे मोजून आणायचे, हे काम तिने कधी भावाला करू दिलं नाही. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास तिच्या अब्बूंनी कबूल केलं, "बेटा, परीक्षा नीट दे. निकालाच्या दिवशी घरात ओव्हन येईल." तेव्हा कांद्याला भाव होता आणि आमचा लाल कांदा शेतात उभा होता.

पुढचं आमच्या भागातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली आणि भाव घसरले. बंदी उठेपर्यंत मे महिना उजाडला. तोवर आमचा लाल कांदा मिळेल त्या भावात विकून झाला होता आणि उन्हाळ कांदा चाळीत जाऊन बसला होता. शाळेच्या पगारात घर चालतं, पण खतं-औषधांची उधारी आणि मजुरी कांद्यातूनच फिटते. ओव्हनचं नाव निघालं की आम्ही म्हणायचो, "जरा थांब, पुढच्या महिन्यात बघू." असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने विचारलंच नाही.

निकाल चांगला लागला. पेढे वाटले. ओव्हन आला नाही आणि तीही काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात तिचे मामू नाशिकहून किलोभर पीच घेऊन आले. हे फळ आपल्याकडे पिकत नाही. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरच्या थंड डोंगरातून मे-जूनमध्ये खाली येतं. उर्दूत आपण त्याला आडू म्हणतो, फारसीत ते शफ्तालू. युरोपच्या लोकांना ते इराणकडून मिळालं, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही पर्शियाचं नाव आहे. मूळ मात्र चीनचं. वर मखमलीसारखी लव, आत केशरी गर आणि मधोमध खडबडीत कोय.

लेकीने मोबाईलवर पीच कॉबलर पाहून ठेवला होता. अमेरिकेतला घरगुती गोड पदार्थ. खाली साखरेत शिजवलेलं फळ, वर मैदा-लोण्याच्या मऊ पिठाचे गोळे आणि मग सगळं भाजायचं. वरचा थर खुसखुशीत होतो आणि फटींतून रस वर येतो. वरून ते दगडी फरसबंदीसारखं दिसतं, त्यावरूनच हे नाव पडलं असं काही जण म्हणतात.

तिने जाड पातेल्यात मीठ पसरलं, त्यावर स्टँड ठेवला, स्टँडवर केकचा डबा आणि वर झाकण. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होती. तासाभराने डबा बाहेर काढला तेव्हा खालचं फळ बुडाला लागलेलं, कडा करपलेल्या आणि मधलं पीठ पांढरं, ओलं, कच्चं. पाच पीच वाया गेले. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ओव्हन असता तर झालं असतं."

अब्बू दारातच होते. त्यांनी ऐकलं. चप्पल घातली आणि चाळीकडे निघून गेले.

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो. एकमेकांना विचारत होतो, ओव्हन नाही हे तिला सांगायला आपल्याला भीती कसली वाटली? शाळेत आम्ही मुलांना सांगतो, गणित चुकलं तरी चालेल, पण पायऱ्या दाखवा. घरात मात्र आम्ही लेकीला पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लांबवत होतो. "पुढच्या महिन्यात" म्हणताना तो महिना येणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पैसे नव्हते यात लाज नव्हती. तिला खोट्या आशेवर ठेवलं, ती चूक आमची होती.

सकाळी अब्बूंनी हिशेबाची वही आणि बाजार समितीतल्या हिशेबपट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या. किती क्विंटल गेला, काय भाव मिळाला, कोणाचे किती देणे आहेत, सगळं दाखवलं. तिने शांतपणे वाचलं. मग म्हणाली, "अब्बू, हे आधी का नाही सांगितलं? मी मैत्रिणींना ओव्हनचं सांगून बसले. तुम्ही सांगितलं असतं तर मी सांगितलंच नसतं." अब्बू म्हणाले, "चुकलं, बेटा." बापाने लेकीला चुकलं म्हणणं आमच्या घरात रोजचं नाही. चुलीशी बसलेल्या दादीनेही मान वर करून पाहिलं.

मग दादीच बोलल्या. "तुमच्या त्या डब्याला खालून आग होती, वरून काय होतं? दमच्या बिर्याणीला आम्ही झाकणावर निखारे ठेवायचो ते उगीच?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पातेल्यात उष्णता फक्त खालून येते. वरचं झाकण थंड राहतं, वाफ त्याला लागून पाणी होतं आणि ते पाणी पिठावर टपकतं. झाकणावर निखारे असले की झाकण तापतं, वाफ पाणी होत नाही आणि वरूनही भाजणी होते. गंमत म्हणजे कॉबलर जन्मला तोही असाच. अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्या लोकांकडे भट्टी नव्हती. ते जाड बिडाच्या भांड्यात फळ आणि पीठ घालून ते निखाऱ्यांवर ठेवत आणि काठ असलेल्या झाकणावरही निखारे रचत. म्हणजे ओव्हन नसलेल्या माणसांचाच हा पदार्थ, आणि आमची लेक ओव्हन नाही म्हणून रडत होती!

तीन पीच उरले होते. दोन-तीन केसर आंबे मऊ पडायला लागले होते, तेही घेतले. इथे आम्हाला आमच्या गावाचीच एक गोष्ट आठवली. लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं विकिरण केंद्र 2002 मध्ये सुरू झालं. कांद्याला कोंब येऊ नयेत हा मूळ हेतू. पण 2007 मध्ये अनेक वर्षांनी भारताचा आंबा अमेरिकेला जाऊ लागला, तेव्हा तो इथूनच विकिरण होऊन गेला, फळातली कीड तिकडे पोचू नये म्हणून. आंबा आमच्या गावावरून अमेरिकेला जातो, तर अमेरिकेचा कॉबलर आमच्या अंगणात आला, हिशेब बरोबर!

अंगणात तीन विटा मांडल्या, दादींनी निखारे केले, लेकीने डबा लावला, अब्बूंनी चिमट्याने झाकणावर निखारे पसरले. पाऊण तास कोणी झाकण उघडलं नाही. उघडलं तेव्हा वरचे गोळे बदामी झाले होते आणि फटींतून केशरी रस बुडबुडत होता. पहिली वाटी दादींना, दुसरी शेजारच्या काकूंकडे. अब्बूंनी दोनदा मागून घेतला.

आता कृती. सहा जणांसाठी.

फळ: पीच किंवा पीच-आंबा मिळून 700 ग्रॅम फोडी, साखर 80 ग्रॅम (आंबा जास्त असेल तर 50), लिंबाचा रस एक चमचा, कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा, चिमूटभर दालचिनी पूड.

वरचं पीठ: मैदा 150 ग्रॅम, साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, चिमूटभर मीठ, थंड लोणी 60 ग्रॅम, थंड दूध किंवा ताक सुमारे 100 मिली.

पीचच्या बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्यावी, अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकावं, साल सहज निघते. कोय फोडून आतली बी मुलांना खाऊ देऊ नये, ती विषारी असते. फोडी, साखर, लिंबू, दालचिनी आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून रस दाट होईपर्यंत शिजवावं. आमच्या पहिल्या वेळी रस पातळ राहिला, म्हणून पीठ भिजलं. मैद्यात बाकी कोरडं साहित्य मिसळून लोणी बोटांनी चोळावं, रव्यासारखं दिसलं की दूध घालून नुसतं गोळा करावं. मळू नये, मळलं की चिवट होतं. फळ गरम असतानाच डब्यात ओतून वर चमच्याने छोटे छोटे गोळे सोडावेत, मध्ये फटी ठेवाव्यात. सलग थर दिला तर मध्यभाग कच्चा राहतो.

ओव्हन असेल तर 190 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. नसेल तर मीठ पसरलेलं जाड पातेलं दहा मिनिटं तापवून आत स्टँडवर डबा ठेवावा, जड लोखंडी झाकण लावून त्यावर निखारे, खाली मंद आच, 45 ते 50 मिनिटं. निखारे उघड्या अंगणातच वापरावेत, बंद खोलीत त्यांचा वायू जीवघेणा ठरतो. गॅसवर करायचं तर झाकणाला आतून कोरडं फडकं बांधून टोकं वर घ्यावीत, म्हणजे पाणी टपकत नाही. रंग कमी येतो, चव तीच. मध्ये सुरी घालून बघावी, ओलं पीठ चिकटलं नाही म्हणजे झालं.

ओव्हन आमच्याकडे अजून आलेला नाही. पण त्याबद्दल आता "बघू" असं कोणी म्हणत नाही. लिलावाहून ट्रॅक्टर परतला की हिशेबपट्टी लेकीच्या हातात जाते आणि वही तीच लिहिते. शेवटच्या पानावर तिने एक रकाना आखला आहे. त्यावर लिहिलंय, "ओव्हन". त्यात किती जमले हे आम्हाला तिलाच विचारावं लागतं.