रुग्णांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध कायदा व अंमलबजावणी सक्षम करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मार्फत : मा. तहसीलदार, शिरूर / दौंड

विषय : उपचारांच्या नात्याचा गैरफायदा घेऊन होणारे रुग्णांचे लैंगिक शोषण रोखण्याबाबत.

महोदय,

रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील कामगार स्त्रिया, हंगामात येणारी ऊसतोड कुटुंबे आणि वाड्यावस्त्यांवरील लेकीबाळी जवळच्या दवाखान्यावर विसंबून असतात. तपासणीच्या खोलीत गैरप्रकार घडला तर दाद कोठे मागायची, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 64(2) नुसार रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील वा कर्मचारीवर्गातील व्यक्तीने तेथील स्त्रीवर बलात्कार केल्यास किमान 10 वर्षे सश्रम कारावास आहे. पदाचा गैरफायदा घेऊन तिला शरीरसंबंधास प्रवृत्त केल्यास कलम 68 खाली 5 ते 10 वर्षे शिक्षा आहे. मात्र कलम 64(2) मधील ही तरतूद ‘त्या रुग्णालयातील स्त्री’पुरती आहे, तर कलम 68 ताब्यातील, देखरेखीखालील वा त्या आवारात हजर असलेल्या स्त्रीपुरते आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीला बाहेर बोलावून वा फोनवरून जाळ्यात ओढले, तर ‘तिची संमती होती’ हा बचाव उभा राहतो. पुरुष व तृतीयपंथी रुग्णांना कलम 68 चे संरक्षणच नाही. समुपदेशनाच्या नात्यातही असे घडते : विद्यार्थिनींचे अनेक वर्षे शोषण केल्याच्या आरोपावरून नागपुरात जानेवारी 2025 मध्ये एका समुपदेशकाला अटक झाली. जर्मनीत समुपदेशन, उपचार वा शुश्रूषेच्या नात्याचा असा गैरवापर हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आमच्या मागण्या :

1. स्त्री रुग्णाच्या तपासणीवेळी परिचारिका किंवा तिच्या पसंतीची स्त्री हजर असावी, असे आदेश सर्व सरकारी व खाजगी दवाखान्यांना द्यावेत.

2. रुग्णहक्कांची सनद मराठी व हिंदीत दर्शनी भागात लावावी. त्यावर 112, 181 व 1098 हे मदतवाहिनी क्रमांक असावेत.

3. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात रुग्णालयाचाही समावेश आहे आणि तक्रारदार स्त्री तेथे नोकरीला असण्याची अट नाही. रुग्णांच्या तक्रारी अंतर्गत समितीने स्वीकाराव्यात. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दवाखान्यांसाठी स्थानिक समितीचा व तालुका समन्वय अधिकाऱ्याचा संपर्क गावोगावी जाहीर करावा.

4. हद्दीचे कारण सांगून कोणत्याही ठाण्याने गुन्हा नोंदवणे टाळू नये. पीडितेवर मोफत उपचार करून पोलिसांना तात्काळ कळवण्याच्या रुग्णालयांवरील बंधनाचे काटेकोर पालन व्हावे.

5. दोषारोपपत्र दाखल होताच संबंधित व्यावसायिक परिषदेला कळवावे.

6. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. उपचार व समुपदेशनाच्या प्रत्येक नात्याला, जागेची व लिंगाची अट न ठेवता, कलम 68 लागू व्हावे, अशी शिफारस शासनाकडे पाठवावी.

रात्री-अपरात्री धावून येणारे डॉक्टर आमच्या तालुक्यांत आहेत, त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. तपासणीवेळची तिसरी व्यक्ती त्यांनाही खोट्या आरोपापासून जपेल.

पहिल्या पाच मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. त्यांवर तातडीने आदेश काढून केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
शिरूर व दौंड तालुक्यांतील नागरिक

प्रत माहितीस्तव : मा. पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, पुणे