दिल्लीला एकच दिवस? हा हिशेब बदला!



सुट्यांचे दिवस जवळ आले की आपल्या घरोघरी भारताच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. घर लोदला असो, अश्दोदला असो की दिमोनाला, बेत मात्र ठरलेला. मुंबईला आठ-दहा दिवस नातेवाईक, मग कोकणात आपले गाव, खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या ठिकाणी नवस, आणि शेवटी नातवंडांची हौस म्हणून दिल्ली-आग्रा-जयपूर. त्यात दिल्लीला किती? एक दिवस! सकाळी लाल किल्ल्यापुढे फोटो, दुपारी कुतुबमिनार, संध्याकाळी बसच्या खिडकीतून इंडिया गेट, आणि उरलेला वेळ शालींच्या दुकानात.

या हिशेबाला माझा विरोध आहे. दिल्लीला चार दिवस द्यावेत, आणि त्यासाठी गरज पडली तर जयपूर सोडावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. “आम्ही मुंबईकर, कोकणातले. दिल्लीशी आपला काय संबंध?” संबंध आहे. हुमायून रोडवर १९५६ साली बांधलेले ज्युडा हयाम सिनेगॉग आहे. तिथे शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना होते. शेजारीच दफनभूमी आहे. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याला पाकिस्तानी सेनेच्या शरणागतीची बोलणी करणारे कलकत्त्याचे जनरल जे. एफ. आर. जेकब २०१६ साली वारले, त्यांना तिथेच दफन केले. इस्रायलमध्ये लष्करी नोकरी केलेल्या आपल्या मुलांना हे नाव माहीत आहे काय? नसेल तर दोष त्यांचा नाही. त्यांना तिथे कोणी नेलेच नाही.

दुसरे ठिकाण तीन मूर्तींचे. हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर या संस्थानांच्या घोडदळांचे हे स्मारक १९२२ साली उभारले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी त्यांतील जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी तुर्कांकडून हैफा घेतले. २०१८ साली त्या चौकाच्या नावाला हैफाचे नावही जोडले गेले. हैफाला राहणाऱ्या आपल्या मुलाला आपल्या गावाचे नाव भारताच्या राजधानीत वाचायला मिळते, आणि आपण त्याला शालींच्या दुकानात बसवून ठेवतो!

परंतु माझे खरे भांडण याहून मोठ्या गोष्टीशी आहे. प्रत्येक समारंभात आपण व्यासपीठावरून सांगतो, “भारतात बेने इस्रायलांचा धर्मासाठी कधी छळ झाला नाही.” वाक्य खरे आहे. पण इथे जन्मलेल्या मुलांना ते भाषणातले वाक्य वाटते. अनेक धर्मांची माणसे एका रस्त्यावर कशी राहतात, हे त्यांनी पाहिलेले नाही. आपण पाहिले आहे. मुंबईची शाअर हारहामिम १७९६ सालची. तिला आपण ‘जुनी मशीद’च म्हणत आलो, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. हे नातवाला शब्दांनी समजावता येत नाही. चांदणी चौकात दाखवता येते.

लाल किल्ल्याकडून फतेहपुरीकडे चालू लागा. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास. आरंभी जैनांचे लाल मंदिर, त्याला लागून गौरीशंकराचे देऊळ, पुढे बाप्टिस्टांचे चर्च, मग शीखांचा सीसगंज गुरुद्वारा, त्याच्याजवळ सुनहरी मशीद, आणि टोकाला १६५० सालची फतेहपुरी मशीद. सगळे एकाच रस्त्यावर, आणि सगळीकडे माणसांचा राबता.

मात्र हे दाखवताना अर्धेच सांगू नका. सीसगंज उभा आहे तिथे गुरू तेगबहादुरांचा १६७५ साली शिरच्छेद झाला. सुनहरी मशिदीत बसून नादिरशहाने १७३९ साली शहराची कत्तल पाहिली. कुतुबच्या आवारातील जुन्या मशिदीचे खांब पाडलेल्या देवळांचे आहेत. १८५७, १९४७, १९८४, या प्रत्येक सालाने दिल्लीला रडवले आहे. म्हणून दिल्ली हा गुण्यागोविंदाचा देखावा नव्हे. पुन्हापुन्हा मोडून पुन्हापुन्हा एकत्र राहायला बसलेले ते शहर आहे. ज्या देशात आज आपण राहतो, तिथल्या मुलांना याहून उपयोगी धडा कोणता?

जामा मशिदीच्या पूर्व दरवाजाजवळ लाल रंगाची एक कबर आहे, सरमदची. इराणात यहुदी घरात जन्मलेला हा माणूस मुसलमान झाला, व्यापारासाठी सिंधला आला, आणि पुढे सर्वस्व टाकून फकीर बनला. दारा शुकोहचा तो स्नेही. ‘दबिस्तान’ या फारसी ग्रंथातील यहुदी धर्माची माहिती त्याच्याकडून घेतलेली आहे. औरंगजेबाने १६६१च्या सुमारास त्याचे मस्तक उडवले. आज तिथे लोक फुले वाहतात. एका यहुद्याच्या पोराची कबर जामा मशिदीच्या पायथ्याशी! टूरवाल्यांच्या पत्रकात ती सहसा नसते, कारण तिथे विकायला काही नाही.

आता तरुणांविषयी. लष्कर सुटले की आपली मुले पाठीवर पिशवी घेऊन भारतात जातात, आणि दिल्लीत इतर इस्रायली मुलांप्रमाणे पहाडगंजला उतरतात. त्याच पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे. आजीची भाषा शिकवणारी शाळा दोन गल्ल्यांपलीकडे, आणि नातू हिब्रू पाट्यांच्या खानावळीत बसून म्हणतो, “मी भारत पाहिला!” त्याला हसू नका. त्याच्या आधी आईबापांनी भारत दाखवला असता तर तो असा परक्यासारखा गेला नसता.

राहिल्या अडचणी. आजीचे गुडघे? चांदणी चौकात सायकलरिक्षा आहेत, आणि दिवसा मोटारींना तिथे बंदी असते. जेवण? शाकाहारी खाणाऱ्याला दिल्लीत उपास पडत नाही. परांठेवाली गली आहे, गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे. खर्च? जयपूरची मोटार आणि हॉटेल वाचले की दिल्लीचे दोन दिवस त्यातूनच निघतात. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांना स्मारकांची तिकिटे भारतीयांच्या दराने मिळतात. हवा? जुलै-ऑगस्टमध्ये घाम आणि पाऊस, पेसाहला ऊन तापू लागलेले, दिवाळीनंतर धूर. शाळेची मुले बरोबर असतील तर सुक्कोथच्या सुटीचे दिवस त्यातल्या त्यात बरे. मुले मोठी झाली असतील तर फेब्रुवारी-मार्च उत्तम.

बेत असा करावा. बुधवारी जुनी दिल्ली: लाल किल्ला, चांदणी चौक, जामा मशीद, सरमद. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, हे ध्यानात ठेवावे. गुरुवारी हुमायूनची कबर, आणि संध्याकाळी समोरच निजामुद्दीनच्या दर्ग्यात कव्वाली. शुक्रवारी सकाळी कुतुब, मग तीन मूर्ती, आणि सूर्य मावळण्याआधी हुमायून रोड. सिनेगॉगला आधी कळवावे, ओळखपत्र जवळ ठेवावे. शनिवारी शाब्बाथ पाळावा, मुलांनी काय पाहिले ते त्यांना विचारावे, आणि रात्री पुढच्या प्रवासाला निघावे.

शुक्रवारच्या त्या प्रार्थनेला माणसे मोजकीच असतात. दहा पुरुष जमले की नाही, हा प्रश्न लहान सिनेगॉगला नेहमीच पडतो. आपल्या घरातले दोन मुलगे आणि एक आजोबा तिथे जाऊन उभे राहिले तर ते पाहुणे ठरत नाहीत, मिन्यानची भर ठरतात. यंदा तिकिटे काढण्यापूर्वी एवढा तरी विचार करा, आणि एजंटाला स्पष्ट सांगा: दिल्ली चार दिवस, त्यात शुक्रवार हवाच.