यंत्राआधी खेळते भांडवल

महिलांच्या गृहोद्योगास सरकारी साहाय्य म्हटले की प्रथम यंत्राचा प्रस्ताव तयार होतो. यंत्र येते, परंतु हंगामात माल स्वस्त असताना तो खरेदी करण्यास गटाच्या हाती पैसा नसतो. यंत्र बंद पडून राहते, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

या बाबतीत लिज्जत पापडाचे उदाहरण बोधप्रद आहे. १९५९ साली मुंबईत गिरगाव येथे सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. धंद्याचा जम बसल्यानंतर, १९६६ साली, खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्यास ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली व खेळते भांडवल पुरविले.

केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतही ३५ टक्के अनुदानाखेरीज, अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटांतील सभासदांस प्रत्येकी कमाल ४०,००० रुपये बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. तिचे महत्त्व अनुदानाहून कमी नव्हे.

म्हणून ग्रामसेवकांनी प्रस्ताव लिहिण्यापूर्वी गटासमवेत बसून तीन गोष्टींचा हिशेब करावा : हंगामास किती माल लागेल, पक्का माल कोण घेईल आणि विक्रीचे पैसे किती दिवसांनी हाती येतील. हा मेळ बसल्यावरच यंत्र मागणे हिताचे होय.