सातबारा त्याचा, हप्ते तिचे



सरकारला नवरा-बायको एक कधी दिसतात आणि दोन कधी दिसतात, हे एकदा नीट पाहून घ्या. १९६१ च्या सीलिंगच्या कायद्यात नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब. बायकोच्या नावावर जमीन असली तर ती नवऱ्याच्या जमिनीत मिळवायची आणि जादा ठरली की काढून घ्यायची. २०१७ च्या कर्जमाफीत सुरुवातीला दीड लाखाची मर्यादा लावली ती कुटुंबाला मिळून. किसान सन्मानचे वर्षाला सहा हजार, तेही कुटुंबाला मिळून. घ्यायचे असते किंवा कमी द्यायचे असते तेव्हा दोघे एक. हेच दोघे फारकतीसाठी कोर्टाची पायरी चढले की कायदा म्हणतो, ज्याच्या नावावर जे, ते त्याचे.

खेड्यात घर मोडते तेव्हा वाटायला असते तरी काय? नेहमीचे चित्र असे. चार एकर कोरडवाहू, एक विहीर. सातबारा नवऱ्याच्या, नाही तर सासऱ्याच्या नावाने. सोसायटीचे पीककर्ज नवऱ्याच्या खात्यावर. पाइपलाइनचे चाळीस हजार मात्र बायकोने बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सवाल्याकडून उचललेले, कारण नवऱ्याचे खाते थकलेले आणि बँक त्याला दारात उभे करीत नव्हती. पेरणीच्या वेळी तिची पोत सोनेतारणात गेलेली. मोटारीच्या कर्जाला जामीनदार म्हणून तिचीच सही. आणि पंधरा वर्षांची निंदणी, खुरपणी, वेचणी, गोठ्यातले शेण, यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

आता काडीमोड झाली. पाइपलाइन जमिनीत पुरलेली, ती जमिनीबरोबर राहिली. तिचे हप्ते बायकोबरोबर माहेरी गेले. वसुलीवाला आता तिच्या भावाच्या दारात येऊन बसतो. पाणी एकाच्या उसाला आणि पाण्याचे कर्ज दुसरीच्या मजुरीतून, याला वाटणी म्हणायचे की लूट?

कायद्याने तिला काहीच दिलेले नाही असे नाही. स्त्रीधन तिचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगी मिळते, दरमहा किंवा एकरकमी, आणि गरज पडल्यास तिचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढवता येतो. ही शेवटची गोष्ट कितीतरी वकील मागतच नाहीत. पण पोटगी म्हणजे पोट भरण्यापुरती रक्कम. घामाचा वाटा नव्हे. वडिलोपार्जित जमिनीची तर गंमतच आहे. बाप-लेकांनी वाटणी केली तर आपल्याकडच्या हिंदू कायद्याने आईलाही मुलाइतका हिस्सा निघतो. ती स्वतः वाटणी मागू शकत नाही. फारकत झाली की तोही विषय संपला. नवऱ्याच्या मिळकतीत बायकोला वाटा देऊ पाहणारे एक विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झाले होते. ते लोकसभेत पोचून कायदा व्हायच्या आतच बारगळले. त्यासाठी कोणी रस्ता अडवल्याचे ऐकिवात नाही.

पोटगीच्या खटल्यात नवऱ्याचा वकील उभा राहतो आणि सांगतो, साहेब, शेती तोट्यात आहे, डोक्यावर कर्ज आहे, पोटगी कुठून देणार? त्याचे म्हणणे खोटे नाही. आपणच तर वर्षानुवर्षे प्रत्येक सभेत हे हिशेब मांडत आलो. पण मग हिशेब पुरता मांडा. शेती तोट्यात असूनही पंधरा वर्षे ते घर उभे राहिले ते कशावर? बायकोला मजुरी द्यावी लागली नाही म्हणून. सरकार भाव पाडून शेतकऱ्याकडून जी उणे सबसिडी उकळते, तिचा शेवटचा हप्ता तीच भरत आली. तोटा खरा असेल तर तिचे देणे त्याहून खरे आहे.

कॅनडातले एक प्रकरण या ठिकाणी सांगितले पाहिजे. आल्बर्टा प्रांतात गुरांचा मोठा मळा होता. आयरिन मर्डॉक या बाईचे लग्न १९४३ साली झाले. तिने गवत कापले, ट्रॅक्टर आणि ट्रक चालवले, जनावरांना लस टोचली, डाग दिले. नवरा वर्षातले पाच-पाच महिने बाहेर कामाला, तेव्हा मळा तिच्याच अंगावर. संसार मोडल्यावर तिने मळ्यात हिस्सा मागितला. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की हे तर मळेवाल्याची कोणतीही बायको करते तेच काम. त्याने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. म्हणजे सगळ्याच बायका राबतात म्हणून एकीलाही काही देऊ नये! त्या देशात या निकालावर एवढा गदारोळ झाला की एकामागून एक प्रांतांनी कायदे बदलले. आल्बर्टाने १९७८ साली.

इतके लांब जायचे नसेल तर आपल्या शेजारी गोवा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मिळकत नवरा-बायकोची सामाईक. एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही, आणि फारकत झाली तर निम्मे-निम्मे. सावंतवाडीकडून पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, आधीच जमिनीचे तुकडे झालेत, त्यात हा नवा वाटेकरी. त्यांची काळजी रास्त आहे. चार एकर कोरडवाहूचे दोन तुकडे केले तर दोघेही मरतील. पण जमीन कापलीच पाहिजे असे कोण म्हणतो? जमीन एकाकडे राहू द्या, त्याने दुसरीच्या वाट्याचे पैसे तीन-चार हंगामांत फेडावेत आणि तोपर्यंत सातबाऱ्याच्या इतर हक्कात तिचा बोजा राहू द्यावा. सोसायटीचा बोजा चालतो, बायकोचा का चालू नये?

कर्जाच्या बाबतीत माझे म्हणणे सरळ आहे. अंगठा कोणाचा हे पाहू नका, पैसा कुठे गेला ते पाहा. विहीर, पाइपलाइन, बैल, बी-बियाणे यांत गेलेले कर्ज ज्याच्याकडे शेत राहील त्याचे. मुलांच्या शिक्षणाचे आणि दवाखान्याचे दोघांचे. दारूचे आणि पत्त्यांचे ज्याने उडवले त्याचे.

फारकती बहुधा गावच्या बैठकीत ठरतात आणि आपले कार्यकर्ते तिथे पंच म्हणून बसतात. म्हणून दोन गोष्टी माहीत पाहिजेत. बैठकीत स्टँपवर काहीही लिहा, बँकेला ते बांधील नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि नवरा-बायकोचे नाते तुटले तरी जामीनकी तुटत नाही. तेव्हा सह्या होण्याआधी सोसायटीत आणि बँकेत जाऊन जामीनदार बदलून घ्यावा. गटाचे कर्ज नवऱ्याने तिथेच चुकते करावे आणि बेबाकीचा दाखला तिच्या हातात द्यावा. दुसरे, प्रकरण कोर्टात गेले तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या खटल्यात दोघांनाही मिळकतीचे आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पिके, जनावरे, तीन वर्षांचे उत्पन्न आणि जमिनीवरचे कर्ज, सगळे लिहायचे असते. बाईने आपल्या नावावरची कर्जे, ती कशासाठी काढली, पावत्या कुठे आहेत, हे त्याच शपथपत्रात घालावे.

आणि ज्यांचे संसार नीट चालले आहेत त्यांच्यासाठी. १९८६ ला चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बायका हजारोंनी जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावाने जमीन केली. सरकारनेही त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचे नाव सातबाऱ्यावर लागते. परंतु नुसत्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. जमीन स्वतःच्या वाट्याची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. बायकोला दिलेल्या शेतजमिनीला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणीचा बाकी खर्च वेगळा. खाते सामाईक असेल तर आधी वाटप करून घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्याकडे अशी किती बक्षीसपत्रे झाली त्याची यादी आणावी. तालुकाप्रमुखांचे नाव त्या यादीत पहिले असावे.